दहा मार्चचा अर्ज

"भिंतीवरची यादी फाडली तर गुन्हा होतो का हो, अक्का?"

दूध संघाच्या अध्यक्षीणबाई अजून खुर्चीत टेकल्याही नव्हत्या. खासगी तपास करणाऱ्या अक्कांनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांचे सोबती मास्तर वही उघडून पेनाचं टोपण शोधू लागले.

शेतीचं सरकारी अनुदान कोणाकोणाला मिळालं, त्याची यादी यंदा पहिल्यांदाच कृषी कार्यालयाबाहेर लागली होती. बाईंना पेरणीयंत्र मिळाल्याचं तिच्यात छापलं होतं. यंत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

"लोक म्हणतात, घेतलं आणि विकलं. दुपारी संघाची सभा आहे, मला काढणार. जूनमध्ये हे गेले, तेव्हापासून संघाच्याच कामावर उभी आहे मी."

कृषी कार्यालयाबाहेर यादीतली ती ओळ मास्तरांनी उतरवून घेतली. आधी ‘श्रीमती’, मग बाईंचं पूर्ण नाव, पेरणीयंत्र, अर्जाची तारीख दहा मार्च.

आत कारकून फायलींआड बसला होता. "यादी अर्जांवरून जशीच्या तशी केली. मुदत मार्चअखेरची. पण यंत्रांचा दुकानदार अर्ज भरून गठ्ठाच आणतो, कधी जुलैतही. आम्ही अर्जावरची तारीख धरतो आणि अनुदान दुकानदाराच्याच खात्यात टाकतो."

"हे चालतं?"

"चालवून घेतो," कारकुनाने कान खाजवला.

अक्कांनी गठ्ठा चाळला. सगळं अक्षर दुकानदाराचं. सौ. अमुक, सौ. तमुक वाचून मास्तर कंटाळले.

बाईंचा दीर संघाचा उपाध्यक्ष होता. "वहिनी गेल्या तर खुर्ची मला मिळेल, खोटं कशाला बोलू? पण यादी बघून मीही हबकलोच."

मास्तरांनी त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. सापडला चोर!

दुकानदार मात्र साखरेत घोळल्यासारखा बोलला. "विसरल्या असतील बिचाऱ्या. दहा मार्चला जोडीनं आले होते की! अर्ज मी त्यांच्यासमोरच भरला. दादा इथं बसून चहा प्यायले."

"सभेत सांगाल?"

"अगदी आनंदानं."

सभेत त्याने सांगितलंही. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. मग अक्का उठल्या.

"तुमच्या गठ्ठ्यात नवरा हयात असलेली प्रत्येक बाई ‘सौ.’ आहे. ‘श्रीमती’ तुम्ही फक्त विधवांना लिहिता. मग दहा मार्चला, यांचे यजमान शेजारी चहा पीत असताना, यांना श्रीमती कसं लिहिलंत?"

दुकानदाराने खिशातून रुमाल काढला.

"अर्ज लिहिलात तेव्हा यजमान गेलेले होते. म्हणजे जूननंतर. मुदत संपली होती, म्हणून मागची तारीख घातलीत. दुःखातली बाई चौकशीला येणार नाही, म्हणून नाव यांचं. अनुदान तुमच्या घशात, आणि यंत्र दुसऱ्याला पूर्ण किमतीत. यादी भिंतीवर लागेल, हे तुमच्या गावीही नव्हतं!"

"चूक झाली," दुकानदार पुटपुटला. सभेला बोलावलेला कारकून तर जागच्या जागी वितळत चालला होता.

"आणि दीर?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"खुर्ची हवी असणं हा गुन्हा नाही, मास्तर."

दीर उभा राहिला. "वहिनींना काढायचा ठराव मीच मांडला होता. मागे घेतो. वहिनी, मला माफ करा."

बाईच अध्यक्ष राहाव्यात म्हणून एकेक करून सगळे हात वर गेले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बाई मात्र हसता हसता हुंदके देऊ लागल्या. नवरा गेल्यापासून त्यांना मोकळं रडताही आलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"चला," त्या म्हणाल्या, "पुढचा विषय घ्या."