पद्मजेच्या बाया

"बाजूला हो, पद्मे! आज याला जिवंत ठेवणार नाही मी!"

श्यामकांतच्या हातातला कमरेचा पट्टा पुन्हा सपकन खाली आला... आणि पद्मजेने धाकट्या भावाला, शरदला, आपल्या देहाखाली झाकून घेतले. पितळी बक्कल तिच्या डाव्या डोळ्यावर बसले. रक्ताची धार लागली, तरी तिची मिठी सुटली नाही!

शरदचंद्र लहानपणी मेंदूज्वरातून वाचला, पण त्याची वाचा गेली, समज अर्धवट राहिली. भ्याला की तो चावे, ओरबाडे, भिंतीवर डोके आपटून घेई. आज त्याने श्यामकांतच्या साहेबांच्या अंगावर चहाची किटली भिरकावली होती. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी असलेल्या श्यामकांतला ती बेअब्रू सोसली नाही.

"दादा," पदराने डोळा दाबत पद्मजा म्हणाली, "त्याला बोलता येत नाही, म्हणून तो मारतो. तुला तर बोलता येतं ना रे?"

त्याच दुपारी शरदचा हात धरून ती घराबाहेर पडली... डोळा कायमचा गेला.

उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत, एका जुन्या बराकीत, सिंधहून आलेली जेठीबाई लुळ्यापांगळ्यांना, वेडसर पोरांना सांभाळत असे. पद्मजा तिच्या हाताखाली शिकली... पिसाळल्या माणसाच्या अंगावर जायचे नाही, खाली बसायचे, हात उघडे ठेवायचे. पुढे जेठीबाई थकली आणि नव्या बायांना पद्मजाच शिकवू लागली.

पण शिकवलेली बाई टिकेल तर ना! वेणूचे दोन दात एका रोग्याने पाडले. जनीला तिच्या नवऱ्याने "परक्या पुरुषांचं गू-मूत काढतेस?" म्हणत झिंज्या धरून रस्त्यावरून फरफटत नेले. पद्मजा त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याने दगड मारला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, पाच बाया घेऊन! जनी परत आली. तेव्हापासून अवघड रोग्यापाशी एकटी बाई कधी गेली नाही, आणि मार बसलेल्या बाईला विसावा दिल्यावाचून पुन्हा कामाला लावले गेले नाही. हळूहळू बाया टिकल्या.

काही वर्षांनी एका सकाळी श्यामकांत बराकीच्या दारात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बहिणीच्या मिटलेल्या डोळ्याकडे त्याला पाहवेना!

"पद्मे... तुझ्या वहिनीला अर्धांगवायू झालाय गं! कुशीवरसुद्धा वळता येत नाही कुंदाला. ठेवलेली बाई पळाली. तुझी एखादी बाई दे..."

"का पळाली?"

त्याची मान खाली गेली. "मी... हात उगारला तिच्यावर."

"मग माझी बाई मिळायची नाही, दादा!" पद्मजा ढळली नाही. "मार खायला नाही शिकवलं मी त्यांना. वहिनीसाठी तूच शीक. बस इथं, वेणूशेजारी."

श्यामकांत बसायला वळला, तोच आतून शरद बाहेर आला. त्याने थोरल्या भावाला पाहिले मात्र... गुरासारखा हंबरडा फोडून तो त्याच्यावर तुटून पडला! पहिल्याच ठोशात श्यामकांतचा ओठ फाटला. दुसरा कानशिलावर बसला. श्यामकांतची मूठ वळली, वर गेली...

"खाली बस, दादा! हात उघड!" पद्मजा आणि वेणू दोन्ही बाजूंनी धावल्या.

वर गेलेली मूठ उघडली. गुडघे टेकून तो शरदसमोर बसला. शरदने त्याचे केस उपटले, गालावर नखे ओढली... तो हलला नाही. "मार, बाळा," एवढेच तो पुटपुटत राहिला. अखेर शरदचे हात थकले. धापा टाकत तो समोरच बसला आणि भावाच्या ओठावरचे रक्त बोटाने पुसून नवलाने पाहू लागला.

त्या क्षणी श्यामकांत लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला!

"पद्मे, मला क्षमा नको गं... कुंदाला कुशीवर कसं वळवायचं, तेवढं शिकव."

पद्मजेने वेणूला चटईवर निजायला सांगितले आणि भावाचा हात धरून तो तिच्या खांद्याखाली ठेवला.

"असा, दादा... हळू."