दुकानात न मिटणारा चाकू

“मिटला! पुन्हा मिटला मेला!”

शिडीवरून मामाचा आवाज आला आणि पाठोपाठ लाल चाकू धप्पकन खालच्या गवतात पडला. शिडी धरून उभी असलेली तिन्ही मुलं एकदम ओरडली, “बोट?”

“आहे जागेवर! नखावर निभावलं.” मामा पुटपुटत खाली उतरला. अंगठ्याच्या नखावर आडवी चीर पडली होती.

मामा दुकानांच्या पाट्या लावायचा. दोऱ्या आणि प्लॅस्टिकचे पट्टे कापायला त्याला दिवसभर खिशात घडीचा चाकू लागे. जुना मोडला, म्हणून हार्डवेअरवाल्या दुकानदारकाकांनी दोन नवे दिले होते. “दोन्ही वापरून बघा. संध्याकाळी एक ठेवा, एक परत करा!”

लाल चाकू अंगठ्याने एका हाताने उघडायचा. उघडला की मुठीतली एक बारीक पट्टी पात्यामागे सरकायची आणि पात्याला अडवून धरायची. काळा चाकू लाकडी मुठीचा. तो उघडायला दोन हात लागायचे, वर मानेजवळची कडी फिरवून पातं पक्कं करावं लागायचं. दिसायलाही अगदीच साधा!

मामाचा जीव लालवर जडला होता. पण दुपारपासून तो दोनदा बोटांवर मिटला होता.

“चला दुकानात!” मामाची भाची म्हणाली. ती सुट्टीला आली होती. सगळ्यातलं वाकडं तिला आधी दिसे, म्हणून घरात तिचं नाव खुस्पट. तिचा धाकटा भाऊ भिरभिरं तोवर फाटकाबाहेर पोचलाही होता. मामाचा मुलगा गोगलगाय मात्र अजून चप्पल घालत होता.

दुकानदारकाकांनी लाल चाकू घेतला, मनगटाला झोकात झटका दिला. खटॅक! पात्याची पाठ गल्ल्यावर दाबली. पातं तसूभरही हललं नाही.

“ठणठणीत आहे! मामाला सांग, हात जरा नीट चालवा म्हणावं.”

गिऱ्हाइकं हसली. खुस्पटचे कान लाल झाले. मुलं घरी आली. मामाने चाकू उघडला, पाठ टेबलाच्या कडेवर दाबली. खट्! मिटला.

पुन्हा दुकान. पुन्हा खटॅक! पुन्हा ठणठणीत!

“आता चाकूचं नाव काढून इकडे आलात तर बघा!” काका गुरगुरले. “खेळ आहे का हा?”

“डोकं फुटेल माझं!” बाहेर येताच खुस्पटने पायरीवर पाय आपटला. “तिथे शहाण्यासारखा वागतो आणि घरी आला की वेडा होतो!”

“आपल्या घराला शाप आहे,” भिरभिरं म्हणालं.

“गप रे! आधीच वैताग आलाय.”

घरी मामीने चाकू स्वतःच्या ताब्यात घेतला. “चाकूला हात फक्त मोठ्यांचा. तुम्ही लांबून बघायचं. आणि बोटाच्या जागी हे!” तिने एक गाजर मुठीला दोऱ्याने असं बांधलं, की पातं मिटलं तर थेट गाजरावर यावं.

मामीने फाटकन चाकू उघडून पाठ दाबली. मिटला नाही! पुन्हा, पुन्हा. गाजर जसंच्या तसं.

“घ्या! तुमच्याच हातात खोट आहे,” मामी म्हणाली.

मामाने तोंड वाकडं करत चाकू घेतला, अंगठ्याने सावकाश उघडला, दाबला. खच्! गाजराचे दोन तुकडे!

तिथे मामाचं बोट असतं तर? भिरभिऱ्याने चटकन आपल्या मुठी आवळून घेतल्या.

“मामीच्या हातात मिटत नाही, काकांच्या हातात मिटत नाही, मामाच्याच हातात मिटतो,” खुस्पट चिडून फेऱ्या मारू लागली. “मामीत आणि काकांत सारखं काय आहे? काहीच नाही!”

“आहे ना,” गोगलगाय म्हणाला.

“काय?”

“दोघांना... सारखी... घाई असते.”

“अरे, पटकन बोल की!”

“तेच तर. बाबा माझ्यासारखा आहे. हळू उघडतो.”

खुस्पट जागच्या जागी थांबली. मग तिने भिंग आणलं. मामाने आधी झटक्याने चाकू उघडला: पट्टी उडी मारून पात्यामागे पूर्ण सरकली. मग हळू उघडला: पट्टी पात्याच्या मागच्या कडेला नुसती टेकून राहिली. जरा दाब आला की सटकन बाजूला!

“सापडला! काका दर वेळी झटका मारतात, म्हणून दुकानात मिटत नाही!”

तिसऱ्यांदा मुलं दुकानात शिरली, गाजर आणि दोरा घेऊन. काकांनी कपाळाला हात लावला.

“काका, एकदाच हळू उघडून दाखवा ना.”

“हा चाकू असा उघडायचा नसतो.”

“हो, तेही खरंच,” खुस्पट भाबडेपणाने म्हणाली. “हळू उघडायला हातावर ताबा लागतो. नाही जमलं तर राहू द्या.”

“नाही जमलं? मला?” काकांच्या मिशा थरथरल्या. “आण इकडे!”

त्यांनी गाजर बांधू दिलं, अगदी डौलात सावकाश पातं उघडलं आणि पाठ गल्ल्यावर दाबली.

खच्! गाजराचा शेंडा घरंगळत मोजमापाच्या टेपपाशी जाऊन थांबला.

या वेळी कुणी हसलं नाही. एका गिऱ्हाइकाने घाईघाईने खिशातून तसलाच लाल चाकू काढून गल्ल्यावर ठेवला. काकांनी खोक्यातला दुसरा उघडला, तिसरा उघडला. गाजराचे काप पडत राहिले.

“माझंच चुकलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही दोनदा सांगितलंत आणि मी मामाच्या हाताला नावं ठेवत बसलो.” त्यांनी अख्खं खोकं फळीवरून उतरवलं आणि चाकू नेलेल्या प्रत्येकाला फोन लावायला सुरुवात केली. “पोरांनो, शाबास! आणि ए, हळू चालणाऱ्या, तुला तर दोनदा शाबास!”

घरी मात्र मामा फुगून बसला होता. “म्हणजे राहिला काळा! याला दोन हात लागतात. मग शिडी काय दातांनी धरू?”

“कमरपट्ट्याने धरा की,” मामी म्हणाली. “शिडीला अडकवायचा तो पट्टा. कामावरून मिळालाय, तो काय शोभेला?”

“बांधायला वेळ लागतो गं...”

“अच्छा!” खुस्पट टाळी वाजवून ओरडली. “मामा, लाल चाकू का आवडला होता ते कळलं! एका हातात चाकू, एका हातात शिडी, म्हणजे पट्टा नको!”

मामा उठला आणि पट्टा शोधायला लागला.

उतरत्या उन्हात तो पुन्हा शिडीवर चढला. कमरपट्टा शिडीला अडकवला, काळा चाकू दोन हातांनी उघडला, कडी फिरवली आणि प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यात पातं घालून मागेपुढे हिसडलं. पातं जागचं हललं नाही. प्लॅस्टिक तेवढं तुटून खाली पडलं.

“कसा आहे?” खालून तिघं ओरडली.

“माझ्या भाच्यांसारखा नि पोरासारखा! हट्टी, पण भरवशाचा!”

मामाने चाकू मिटून खिशात टाकला, कमरपट्ट्यावर ऐसपैस मागे रेलला आणि दोन्ही हात सोडून वरून दहाच्या दहा बोटं हलवून दाखवली.