व्हेनिसच्या पुलावरचे चंदनकाका

"व्हेनिसमध्ये रस्तेच नाहीत! जिकडे बघावं तिकडे पाणी! नवरदेवाची वरातसुद्धा होडीतून निघते!"

चंदनकाकांनी हे असं काही रंगवून सांगितलं की शारीकच्या हातातली भजी हातातच राहिली. आणि शारीक भजी खायचा थांबतो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे!

सौदीतल्या धाहरानच्या कंपनी वसाहतीत स्वप्नालीच्या घरी सगळे जमले होते. बाहेर जूनची भट्टी पेटलेली, आत एसी घरघरतोय आणि टीव्हीच्या पडद्यावर इटली! शाळेला सुट्टी लागली होती. लवकरच वसाहतीतली काही मराठी कुटुंबं चार दिवसांसाठी व्हेनिस आणि फ्लोरेन्स बघायला निघणार होती. जुने पूल, राजवाडे, चित्रांची संग्रहालयं, उंच घुमटांची चर्चेस! नेणार होते चंदनकाका. ते शेजारच्या खोबर शहरातून छोट्या सहली काढायचे. शिवाय ते स्वप्नालीच्या बाबांच्या, म्हणजे समाधानकाकांच्या, गुहागरचे. मग काय विचारता! परदेशात गाववाला भेटला की आपल्या माणसांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं होतं. त्याला चहा पाजायचा असतो, प्रश्न विचारायचे नसतात.

"आणि हा बघा मी! मागच्या डिसेंबरात, व्हेनिसच्या पुलावर!"

पडद्यावर चंदनकाका काळा गॉगल लावून उभे होते. मागे पिवळी घरं, हिरव्या खिडक्या, खाली कालवा. पलीकडे अर्धी शटरं ओढलेल्या दुकानांची रांग, पायऱ्यांवर टेकलेली माणसं आणि त्यावर लख्ख ऊन.

"काका, हा फोटो जरा थांबवा ना!" स्वप्नालीची मैत्रीण इस्मत एकदम म्हणाली.

"का गं? आवडला ना?" चंदनकाका खूश झाले.

इस्मत डोळे बारीक करून बघत राहिली. या फोटोत काहीतरी चुकत होतं. काय ते मात्र सापडत नव्हतं.

"काय झालं?" स्वप्नाली कुजबुजली.

"माहीत नाही. पण खटकतंय."

"तुला सगळंच खटकतं!"

आता हे काही अगदीच खोटं नव्हतं. तेरा वर्षांची इस्मत घरात शंकेखोर म्हणूनच प्रसिद्ध होती. गेल्या वर्षी तिने जिन्यात घुटमळणाऱ्या एका माणसाला चोर ठरवून सगळी इमारत गोळा केली. तो निघाला शारीकचा भारतातून नुकताच आलेला मामा! मिठाईचा डबा घेऊन बिचारा दार शोधत होता. तेव्हापासून तिच्या शंकेला घरात कोणी हिंग लावूनही विचारत नसे.

तरी तिने विचारलंच, "काका, आमचे पासपोर्ट परत कधी मिळणार?"

"व्हिसा लागला की लगेच! खलास! तू कशाला काळजी करतेस?"

इस्मतच्या अम्मीने, मासूमाने, डोळे वटारले. घरी जाताना ती म्हणालीच, "अगो, तुला काय दूधवालापण चोर दिसतो! समाधानभाऊंच्या गावचा माणूस तो!"

"पण अम्मी, पासपोर्ट वेळेवर नाही आले तर?"

अम्मीची पावलं मंदावली. सहलीहून परतल्यावर लगेच तिला इस्मतला घेऊन दापोलीला जायला मुंबईचं विमान गाठायचं होतं. तिच्या एकुलत्या एक बहिणीचा, अफशाँखालाचा, निकाह होता. "तू आल्याशिवाय मी मेंदीला हात पुढे करणार नाही," असं खालाने फोनवर बजावलं होतं. आणि अम्मीचा पासपोर्ट चंदनकाकांकडे! तो मिळाला नाही तर इटली राहू दे, दापोलीही नाही.

"येतील गो वेळेवर," अम्मी म्हणाली. पण तिने ते इस्मतकडे न बघता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्मत, स्वप्नाली आणि त्यांचा मित्र शारीक अशी तिघं कंपनीच्या बसने खोबरला निघाली. बरोबर स्वप्नालीचे आजोबा होते. त्यांना सगळे नाना म्हणत. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय परवानगी नव्हती, आणि नानांना थंडगार बसमधून फिरायला कधीही चालायचं.

"आपण चंदनकाकांवर पाळत ठेवायला चाललोय का?" स्वप्नालीने नाक मुरडत विचारलं. "ते आमच्या गावचे आहेत हं! मला हे मुळीच आवडलेलं नाही."

"पाळत कसली? फक्त पासपोर्ट कुठवर आले ते विचारायचं," इस्मत म्हणाली.

"आणि मग शवरमा खायचा," शारीकने बेत पूर्ण केला.

चंदनकाकांचं ऑफिस म्हणजे एका कार्गोच्या दुकानातला कोपरा. भारतात खोकी पाठवायचं दुकान ते. नाना समोरच्या ज्यूसच्या दुकानात शिरले आणि आंब्याचा रस मागवून पंख्याखाली बसले. मुलं रस्ता ओलांडेपर्यंत अजान झाली. कार्गोवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं आणि तो नमाजाला गेला. गल्लीतली बाकीची शटरंही खडखड खाली आली.

"झालं! आता बसा," शारीक म्हणाला.

तिघं पायरीवर सावलीच्या पट्टीत टेकली. शेजारच्या दुकानापुढे एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पलीकडे दोघे मजूर भिंतीला टेकले होते. सगळे निवांत. दहा-पंधरा मिनिटांनी दुकानं पुन्हा उघडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सौदीत वाढलेल्या मुलांना तर यात बघण्यासारखंही काही वाटत नाही.

आणि इस्मत ताडकन उभी राहिली!

"शटर! स्वप्नाली, शटर!"

"काय शटर?"

"त्या फोटोत! भर उन्हात सगळी शटरं अर्धी खाली होती! आणि लोक असेच पायऱ्यांवर बसले होते. एकाच्या मांडीवर पिशवीसुद्धा होती! सांग, व्हेनिसमध्ये नमाजासाठी दुकानं बंद करतात?"

स्वप्नालीचं तोंड उघडंच राहिलं. शारीक हळूच म्हणाला, "रियाधच्या मेळ्यात खोटी इटली उभारली होती. कालवा, पूल, होड्या, सगळं! माझा दादा गेला होता. त्याने..."

"शू!" इस्मतने त्याचं तोंड दाबलं.

अर्ध्या शटरच्या आतून चंदनकाकांचा आवाज येत होता. ते फोनवर बोलत होते.

"हो, हो, साहेब! सगळे पासपोर्ट उद्या सकाळी पाठवतो. गाडी जातेय रियाधला, ड्रायव्हरच्या हातात देतो. पुढचं तुम्हीच बघा. मला त्यातलं काय कळतंय? मी कुठे गेलोय युरोपला!"

स्वप्नालीचा चेहरा पडला. तेवढ्यात शटर वर गेलं आणि चंदनकाका बाहेर आले.

"अरे पोरांनो! एवढ्या उन्हात? वेडी का खुळी तुम्ही!" असं म्हणत त्यांनी तिघांच्या हातात गार पाण्याच्या बाटल्या दिल्या. वर शारीकला बिस्किटांचा पुडाही दिला.

परतीच्या बसमध्ये स्वप्नालीने ती गार बाटली गालाला लावली. मग म्हणाली, "एवढे चांगले आहेत गं ते!"

"चांगले आहेत. पण खोटं बोलतायत," इस्मत म्हणाली. "आणि उद्या अम्मीचा पासपोर्ट कुठल्या तरी ड्रायव्हरच्या खिशात असेल! आज संध्याकाळी सगळे तुमच्याकडे येणारच आहेत. तेव्हाच काय ते!"

संध्याकाळी समाधानकाकांच्या हॉलमध्ये बॅगेत काय भरायचं यावर खल चालला होता. थालीपिठं किती दिवस टिकतात, हा मुद्दा रंगात आला होता. इस्मतचे अब्बा, जाफरभाई, लोणच्याच्या बाजूने बोलत होते. तेवढ्यात इस्मत उठली.

"चंदनकाका, तुमच्या व्हेनिसच्या फोटोत भर दिवसा दुकानांची शटरं अर्धी खाली का होती?"

चंदनकाका क्षणभर थबकले. पण गडी हुशार! लगेच हसून म्हणाले, "अगं, तिकडे दुपारी जेवून झोपतात लोक. दुकानं बंद करून!"

"मग लोक पायऱ्यांवर का बसले होते? झोपायला घरी नाही जात?"

"इस्मत!" अम्मीने तिला चिमटा काढला. "खाली बस बघू!"

"पोरगी वकील होणार, जाफरभाई!" समाधानकाका हसले. सगळे हसले. इस्मतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुन्हा तेच! पुन्हा तोच मामा!

आणि मग स्वप्नाली उभी राहिली. आपल्या गावच्या माणसाविरुद्ध बोलायचं होतं, पण तिचा आवाज अगदी गोड होता.

"काका, फ्लोरेन्सच्या मोठ्या चौकात ते पितळी कासव आहे ना? त्याच्या पाठीवर बसून सगळे फोटो काढतात, ते?"

"अगदी बरोबर!" चंदनकाका खुलले. "मी स्वतः तीनदा बसलोय! लोक बसून बसून गुळगुळीत झालंय बिचारं. तुम्हालाही बसवतो!"

"असं कासव तिथे नाहीच, काका. ते मी आत्ता इथे सोफ्यावर बसून बनवलं."

सगळ्यांच्या माना चंदनकाकांकडे वळल्या.

"चेष्टा करतात पोरं," समाधानकाका घाईघाईने म्हणाले. "चंदन, तू मनावर घेऊ नको..."

"एक मिनिट!" शारीकने तोंडातला घास गिळला. "माझा मामेभाऊ फ्रान्सला गेला ना, तेव्हा व्हिसासाठी त्याला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले होते. आपल्याला तर कोणी बोलावलंच नाही. आपल्या बोटांचे ठसे चंदनकाका कसे देणार?"

सगळ्या मोठ्या माणसांनी आपापल्या बोटांकडे पाहिलं. यात मोठमोठे इंजिनिअर होते, हिशेबनीस होते. कोट्यवधींची यंत्रं सांभाळणाऱ्या या मंडळींना हा साधा प्रश्न सुचला नव्हता. सुचणार कसा? गाववाला होता ना!

"आणि उद्या सकाळी सगळे पासपोर्ट रियाधला जाणार आहेत!" इस्मत ओरडली. "एका ड्रायव्हरच्या हाती! आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय!"

आता अम्मी उठली. तिचा आवाज फार हळू होता.

"चंदनभाऊ, माझा पासपोर्ट कुठे आहे?"

चंदनकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. एवढ्या गार हॉलमध्ये घाम! मग ते मटकन खुर्चीत बसले.

"आहेत. सगळे खोबरला माझ्या कपाटात आहेत, वहिनी. शपथ! मी... मी कधी युरोपला गेलोच नाही. फोटो रियाधच्या मेळ्यातले. मी आपला बसने लोकांना मेळ्याला न्यायचो, हुफूफ शहरातला जुना बाजार दाखवायचो. एकदा कोणीतरी विचारलं, युरोप करता का? तोंडातून हो गेलं. मग सगळे एवढं कौतुक करायला लागले की नाही म्हणायची हिंमतच होईना."

"आणि व्हिसा?" जाफरभाई कडाडले.

"रियाधला एक एजंट भेटला. म्हणाला, फक्त पासपोर्ट आणि पैसे पाठव, ठशांचं-बिशांचं मी सांभाळतो."

"तू त्याला ओळखतोस?"

"नाही... पण तो आपल्या खेडचा आहे म्हणाला!"

नानांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तूसुद्धा!"

समाधानकाकांनी त्या एजंटच्या नंबरला फोन लावला आणि आपण पासपोर्ट पाठवण्याआधी त्याला भेटू इच्छितो, असं सांगितलं. पलीकडचा माणूस गडबडला. त्याने फोन ठेवून दिला. पुन्हा लावला, तर बंद!

पुढच्या पाच मिनिटांत तीन गाड्या खोबरच्या दिशेने सुटल्या. मुलं मागे थोडीच राहणार! कार्गोच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात, चिकटपट्ट्यांच्या रिळांमागे, एका पिशवीत सगळे पासपोर्ट होते. सकाळी ही पिशवी ड्रायव्हरच्या हातात पडली असती. अम्मीने आपला पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो पाहिला, मिटला, पुन्हा उघडला. मग तिला रडूच फुटलं.

चंदनकाका मान खाली घालून उभे होते. "घेतलेले आगाऊ पैसेही परत करतो. अजून त्याला एक रियाल दिलेला नाही," ते पुटपुटले.

"चंदन, तुझ्यावर रागावू की माझ्यावर, तेच कळत नाही," समाधानकाका म्हणाले. मग ते मुलांकडे वळले. "आम्ही माणसाचं गाव विचारलं आणि निश्चिंत झालो. तुम्ही बाकीचं सगळं विचारलंत. शाब्बास रे पोरांनो! आणि इस्मत, मघाशी मी हसलो ना? माझं चुकलं."

नानांनी स्वप्नालीच्या पाठीवर थाप मारली. "आपल्याच माणसाला खोटं पाडायला जास्त धीर लागतो गं. इटली काय, पुढच्या वर्षीही तिथेच असेल."

"म्हणजे या वर्षी नाही?" शारीकने एवढा मोठा सुस्कारा सोडला की चंदनकाकांनाही हसू आलं.

घरी येईपर्यंत अम्मी पर्स छातीशी घट्ट धरून बसली होती. इस्मतला वाटलं, आता चारचौघांत ओरडल्याबद्दल बोलणी बसणार. अम्मीने दिवा लावला, पर्स उघडली, पासपोर्ट काढला आणि इस्मतच्या हातात ठेवला.

"दापोलीला पोचेपर्यंत हा तुझ्याकडे राहू दे."

"माझ्याकडे? अब्बांकडे दे ना!"

"नको गो," अम्मी म्हणाली. "ते कोणालाही देऊन टाकतील. तू नाही देणार."