तपकिरी डिश

"मी... मी फोडली गं!" शोभाताई कशाबशा म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांनी, पुरुषोत्तमरावांनी, मान खाली घातली.

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या लेकाच्या घरी, स्वयंपाकघरात जमिनीवर तुकडे विखुरले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात घडलेली, जपानी धर्तीच्या तपकिरी छापील चित्रांची डिश... अर्धा मिटलेला पंखा, बांबू, त्यावर झुकलेला इवलासा पक्षी! सून आश्लेषाचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या मार्गारेटनं तिला आईच्या मायेनं सावरलं होतं, आणि मरण्याआधी ही डिश तिच्या हाती दिली होती.

"आई, तिची एवढीच आठवण होती हो माझ्याकडे!" आश्लेषाला रडू फुटलं. "प्लीज... आता किचनमध्ये कशालाच हात लावू नका."

शोभाताईंनी मान डोलावली. खरं कसं सांगणार? नागपुरात चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या पुरुषोत्तमरावांनीच तो बांबू कागदावर उतरवायला डिश खाली काढली होती, आणि त्यांचा हात थरथरला होता! त्या कंपवाताचं निदान होऊन सहा महिने झाले होते. "केदारला कळू देऊ नकोस," त्यांनी विनवलं होतं. "ग्रीन कार्ड होत आलंय त्याचं... पोरगा सगळं सोडून परत येईल!"

दहा दिवस आश्लेषा कामापुरतंच बोलली. मग एका दुपारी डोकं दुखतं म्हणून ती ऑफिसमधून लवकर आली, आणि दारातच थबकली. टेबलाशी बसून बाबा बांबूचं पान काढू पाहत होते, आईंनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, तरी रेघ वेडीवाकडी पळत होती... आणि दोघंही रडत होती.

"आई... ती डिश तुम्ही नव्हती फोडली ना?"

"मी फोडली, बाळ," पुरुषोत्तमराव म्हणाले.

आश्लेषानं सासूच्या गळ्यात हात टाकले. "मी किती बोलले हो तुम्हाला! का नाही सांगितलंत?"

शोभाताई नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी आश्लेषानं केदारला सगळं सांगितलं. "बाबा, मी येतो परत. जॉब गेला खड्ड्यात!"

"तू आल्यानं हा हात थांबणार आहे का रे?"

आई-बाबांची नागपूरला परतीची तिकिटं रविवारची होती.

विमानतळावर तपासणीच्या दोरीपलीकडे फक्त प्रवाशांनाच सोडत होते. तिथं बूट काढायला सांगितलं. पुरुषोत्तमरावांची बोटं नाडीवर नुसतीच फडफडत राहिली... मागची रांग खोळंबली. तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांवर शोभाताई सगळ्यांसमोर खाली बसल्या.

"आई, थांब!" केदार पुढे धावला. पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

आश्लेषानं नवऱ्याचा दंड घट्ट पकडला. दोरीच्या अलीकडून दोघं पाहत राहिली... आई एक एक गाठ सोडवत होती.