मीटरवरचे तास

घरी वापरायची ऑक्सिजनची यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपनीत तो नऊ वर्षं मेकॅनिक होता. यंत्र पोचवायचं, जाळी धुवायची, पाणी कसं भरायचं ते घरच्यांना तीनतीनदा सांगायचं आणि वर साहेबाची बोलणी खायची. एका घरी वीस मिनिटं, हा साहेबाचा नियम. साहेबाने एकही पेशंट जवळून पाहिला नव्हता, त्यामुळे नियम करणं त्याला सोपं जाई. पण निळे पडलेले ओठ डोळ्यांदेखत गुलाबी व्हायला लागले की मेकॅनिक सगळं विसरायचा. त्या एका गोष्टीसाठी तर तो टिकून होता.

माणूस गेलं की यंत्र त्याच दिवशी परत आणायचं, हाही नियमच. त्याच्या जुन्या पेशंटपैकी एक काका गेले, तेव्हा तो दुपारी त्यांच्या घरी पोचला. काकूंनी यंत्र स्वच्छ पुसून ठेवलं होतं.

"दोन दिवस राहू दे ना," त्या म्हणाल्या. "चार वर्षं ह्याच्या आवाजावर झोपतेय मी."

पण आदल्याच आठवड्यात साहेबाने त्याला फैलावर घेतलं होतं. मान खाली घालून त्याने यंत्र उचललं.

यंत्र एकूण किती तास चाललं, ते त्याच्या मीटरवर दिसतं. गोदामात ठेवताना त्याने आकडा वहीत लिहिला. सकाळी पाहतो तर आठ तास वाढलेले. वायर तर गुंडाळून ठेवलेली. आपणच चुकलो असू म्हणून त्याने खोडून नवा आकडा लिहिला. दुसऱ्या सकाळी पुन्हा आठ. मग त्याने प्लगवर चिकटपट्टी लावून वर सही केली. तिसऱ्या सकाळी सही जशीच्या तशी होती, तास मात्र आठने जास्त.

वहीतली खाडाखोड साहेबाच्या नजरेतून सुटली नाही. रात्री यंत्र परस्पर कुणाला देतोस, संध्याकाळपर्यंत नाव सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं त्याने सुनावलं.

मेकॅनिक तिथून सरळ काकूंकडे गेला. त्या दिवशी उचललेलं यंत्र त्याच्या मनातून गेलंच नव्हतं.

काकूंचा चेहरा टवटवीत दिसत होता. झोप लागते का, असं त्याने चाचरत विचारलं.

"लागते की. तू त्याच रात्री आणून ठेवलंस, माझा जीव भांड्यात पडला."

तो आतल्या खोलीत गेला. पलंगाशेजारचा कोपरा रिकामा होता. स्टुलावर तेवढी पाण्याची बाटली होती, जिच्यातून हवा ओलसर होऊन पेशंटच्या नाकात जाते. बाटली कंपनी परत घेत नाही. तिची नळी कशालाच जोडलेली नव्हती.

"पाणी उतरलंय बघ. तेवढं भरून दे, माझे हात थरथरतात."

उकळून गार केलेलं पाणी त्याने खुणेपर्यंत भरलं. झाकण घट्ट फिरवलं.

बाटलीत बुडबुडे उठू लागले.

खिशातला फोन वाजला. साहेबाला नावच हवं होतं. मेकॅनिकने बाटलीवरची नजर न काढता शांतपणे सांगितलं.

"हो साहेब, मीच देतो. नाव नाही सांगणार."

एवढं बोलून त्याने फोन बंद केला. नोकरी गेली, हे त्याला कळलं.

यंत्राचे बुडबुडे एकसारखे येतात, मध्ये खंड पडत नाही. हे थांबत होते. मग पुन्हा येत होते.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे. आत्ताच डोळा लागलाय ह्यांचा."