आईचा घसा

"डॉक्टर, माझं राहू द्या, आधी आईचा घसा बघा," मिरजेच्या ध्वनिवैद्यक प्रयोगशाळेत शिरताच शर्वरी म्हणाली. "पूर्वी ही हाक मारायची तर सगळी गल्ली दारात यायची. मग पुटपुटायला लागली. आता तर नुसते ओठ हलवते."

मागे तिची आई उभी होती. जयमाला खोत, मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या.

"माझ्या घशाला काय धाड भरलीय?" त्या गरजल्या. दाराशी बसलेला शिपाई दचकून उभा राहिला. शर्वरीने मात्र मानही वळवली नाही.

डॉ. इरफान मुजावरांनी ते पाहिलं. शर्वरीच्या कानातली, धोक्याचे आवाज अडवणारी कर्णगाळणी त्यांनीच बनवली होती. त्यांनी शर्वरीच्या छातीवर हृदयाची लय पडद्यावर दाखवणारी लयपट्टी चिकटवली, तिला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं आणि हृदयतज्ज्ञ डॉ. वसुधा कुलगोड यांना बोलावून घेतलं.

"यंत्र बिघडलंय का?" कुलगोडांनी विचारलं.

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं. दुरुस्त तरी करता आलं असतं."

कुलगोड जयमालांकडे वळल्या. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हावं लागतं. शर्वरीच्या हृदयाला त्यासाठी जरा जास्त वेळ लागतो. हा दोष वडिलांकडून आलाय. त्या वेळात ती अचानक दचकली, तर लय कोलमडू शकते. नुसत्या गोळ्या तिला पुरत नव्हत्या."

"ठाऊक आहे. तिचे बाबा पहाटेच्या गजराने गेले. म्हणून तर ती चहाची गाळणी कानात घातली ना तुम्ही?"

"गाळणी शिकते," मुजावर म्हणाले. "कुठल्या आवाजाने लय डगमगते ते ती बघते आणि तो आवाज हळू करते. तरी डगमगली तर आणखी हळू. तरीही डगमगली तर पुसूनच टाकते. फोनची घंटी, फटाके, कुकरची शिट्टी..."

"मी काय कुकरची शिट्टी आहे?"

"सकाळी तिला कशी उठवता?" कुलगोडांनी हलकेच विचारलं.

जयमालांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हाका मारते. ती हललेली दिसेपर्यंत मारत राहते. तिचे बाबा हलले नव्हते."

मुजावरांना त्यांच्याकडे बघवेना. रोज सकाळी जिवाच्या आकांताने मारलेल्या त्या हाका गाळणीने इमानेइतबारे नोंदवल्या होत्या. माया आणि धोका यांतला फरक तिला कोणी शिकवला नव्हता, आणि शिकवताही आला नसता.

"मग मी हळू बोलेन. गोड बोलेन."

विजेचा झटका देणारं यंत्र जवळ ठेवून मुजावरांनी गाळणी क्षणभर उघडली. जयमाला ध्वनिग्राहकात अगदी अलगद म्हणाल्या, "शरू, भूक लागली का गं?"

काचेपलीकडे शर्वरीचा चेहरा आनंदाने फुलला. पडद्यावरची रेघ मात्र वेडीवाकडी थरथरू लागली. मुजावरांनी घाईघाईने गाळणी बंद केली. रेघ सावरली.

"रोज दचकून उठल्याने हृदयाने या आवाजाचीच धास्ती घेतलीय. आता हा आवाज कसाही आला तरी ते दचकणार," कुलगोड म्हणाल्या.

"हे तिला सांगायला हवं," मुजावर म्हणाले.

"सांगाल तर आत्ताच्या आत्ता गाळणी काढून फेकेल. माझीच मुलगी आहे ती." जयमालांनी पदराने डोळे कोरडे केले. "तिला सांगा, आईचा घसा गेलाय. कायमचा."

"ताई, असलं खोटं मी कसं बोलू?"

"तुमचा आवाज तिला ऐकू येतो ना? मग तुम्हालाच बोलायला हवं."

ते खरंच होतं. मुजावरांनी शर्वरीला बाहेर बोलावलं आणि तिच्या नजरेला नजर न देता सांगून टाकलं.

शर्वरीने आईचे दोन्ही हात घट्ट धरले. "मघाशी किती छान बोललीस गं! तेवढाच उरला होता का आवाज? असू दे. तू नुसती समोर राहा, बोलायचं ते मी बोलेन."

मग ती चपला घालायला वाकली; छातीवरची लयपट्टी काढायची राहिलीच होती. तिच्या पाठीमागून जयमालांनी हाक मारली. "शरू!" मग आणखी मोठ्याने, छाती फुटेल इतक्या मोठ्याने. शिपाई पुन्हा दचकला.

पडद्यावरची रेघ शांतपणे चालली होती.