देवकूची शिटी

माघ लागला की बेचाळीस दिवस आमच्या गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. देव स्वर्गात गेलेला असतो. त्याच्या ध्यानात खंड पडू नये म्हणून रेडिओ बंद, कुदळ बंद; गाईच्या गळ्यातली घंटासुद्धा काढून ठेवायची. त्याआधी देवळात चाळलेली माती पसरून दाराला कुलूप लावतात. फाल्गुनात दार उघडलं की त्या मातीत जे निघेल त्यावरून वर्ष कळतं. फूल निघालं तर सुख, कोळसा निघाला तर आग.

नाल्यापलीकडे मात्र तेव्हाच हंगाम भरात असतो. स्कीइंगला आलेली माणसं, छत्री बांधून आकाशात उडणारी माणसं, मॅगीच्या टपऱ्या. तिथल्या शेडमध्ये मी स्कीच्या पट्ट्यांना मेण लावतो. शेड वजीरचंदची, उतारही त्याच्याच ठेक्यातला.

माझी मुलगी देवकू त्याच्याकडे पाहुण्यांना शिकवायची. गळ्यात नारिंगी शिटी. शिकवणाऱ्यांची खूण ठरलेली: दोन आखूड शिट्या म्हणजे थांब, एक लांब म्हणजे रस्ता मोकळा आहे, ये. शिटीचं टोक तिने चावून चावून खडबडीत केलं होतं.

गेल्या माघात वजीरचंदने तिला ताज्या बर्फावर सगळ्यांच्या आधी वर पाठवली.

"दोन दिवस थांबू या," ती म्हणाली होती.

"पाहुणे काय तुझ्या लग्नाला आलेत थांबायला?"

मी तेव्हा नाल्याच्या अलीकडे, गावाच्या हद्दीत होतो. पायाखालचा बर्फ पोटातून हुंकारला. त्या आवाजाचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे: वरचा बर्फ सुटणार. देवकू समोरच चढत होती. एक हाक पुरली असती. मी देवाचं मौन पाळलं.

ती पाच आठवड्यांनी बर्फाखाली सापडली. शिटी सापडली नाही. वजीरचंदने चौकशीत सांगितलं, पोरगी स्वतःच्या हट्टाने गेली.

मी शेड सोडली नाही. माघाची वाट बघत राहिलो.

यंदा तसाच बर्फ पडला, आणि दिल्लीचे पाहुणे वरच्या उतारासाठी अडून बसले. शिकवणाऱ्यांपैकी कोणी पाऊल उचलेना. वजीरचंद शेडच्या दारात आला.

"काय चाचा, बर्फ घट्ट बसलाय ना?"

मी मेण घासत राहिलो. सकाळी येताना तो हुंकार मी दोनदा ऐकला होता.

"मौन का? अरे, तुमचा देव नाल्यापलीकडे. इथे माझं राज्य!"

पाहुणे हसले. एक बाई म्हणाली, "राजेसाहेब, मग आधी तुम्हीच जा. आम्ही मागून येतो."

त्याचा चेहरा उतरला. "बोल ना, म्हाताऱ्या!"

मी त्याच्या स्कीला मेणाचा आणखी एक हात दिला आणि मान डोलावली. हो.

तो निघाला. देवदारांची रांग संपते तिथे थबकला, वर पाहिलं, मग मागे माझ्याकडे. परत फिरणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात वरून शिटी आली.

एक. लांब.

"वर कोणीतरी आहे वाटतं," ती बाई म्हणाली.

वर कोणी नव्हतं. नव्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

वजीरचंदने हात हलवला आणि चढायला लागला.

मग डोंगर सरकला.

सगळे ओरडत होते. माझंच तोंड मिटलेलं होतं.

फाल्गुनात देऊळ उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. पुजारी मातीत बोटं फिरवत होता, मध्येच थांबला. त्याच्या तळहातावर नारिंगी शिटी होती, टोक चावलेलं.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं. "असं कधी निघालं नव्हतं. याचा अर्थ काय लावू?"

मी हात पुढे केला. शिटीचं टोक ओलं होतं.

घरी आणून ती खुंटीला टांगली. रोज सकाळी टोक पुसतो, रोज सकाळी ते ओलं असतं.

काल पुन्हा बर्फ पडला. आज अंगणात उतरलो तर पायाखाली तोच हुंकार. समोरच्या उतारावरून शिटी आली.

एक. लांब.

घरात येऊन पाहिलं. शिटी खुंटीवरच होती, हळूहळू झुलत. मी तिचं टोक पुसलं आणि बूट घालायला बसलो.